पुढचे तीन वर्ल्ड चॅम्पियन ज्याच्याकडून आधीच हरले होते, तो मेक्सिकोचा साल्वाडोर सांचेझ

१२ ऑगस्ट १९८२ ची पहाट. मेक्सिकोत केरेतारो आणि सॅन लुईस पोतोसी या शहरांना जोडणाऱ्या रस्त्यावर एक पोर्शे कार ट्रकला धडकली. गाडी चालवणारा २३ वर्षांचा पोरगा गेला. तीनच आठवड्यांपूर्वी त्याने न्यूयॉर्कमध्ये आपला वर्ल्ड टायटल राखला होता.

त्याचं नाव साल्वाडोर सांचेझ. फेदरवेट, म्हणजे साधारण ५७ किलो वजनी गटाचा चॅम्पियन.

२६ जानेवारी १९५९ ला सँटियागो टियांगिस्तेंको या गावात त्याचा जन्म झाला. वयाच्या १६ व्या वर्षी, १९७५ मध्ये तो व्यावसायिक बॉक्सर झाला. १९७७ मध्ये मेक्सिकोच्या बँटमवेट टायटलसाठी लढताना अँटोनिओ बेसेराने त्याला हरवलं. त्यानंतर सांचेझ वरच्या वजनी गटात गेला आणि आयुष्यात पुन्हा कधी हरला नाही.

२ फेब्रुवारी १९८०. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात समोर होता डॅनी लोपेझ. त्याच्या ठोशांना सगळे घाबरायचे आणि २१ वर्षांच्या सांचेझवर फार कुणी पैसे लावले नव्हते. पण पोरगा शांत. समोरच्याने ठोसा मारायचा, याने तो चुकवायचा आणि लगेच परतफेड करायची. १३ व्या राउंडला रेफ्रीने लढत थांबवली आणि डब्ल्यूबीसीचा बेल्ट सांचेझकडे आला. चारच महिन्यांनी पुन्हा लढत झाली, तेव्हा लोपेझ १४ व्या राउंडपर्यंत टिकला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने हुआन लापोर्टेला गुणांवर हरवलं.

मग आली ती लढत, जी आजही सांगितली जाते. २१ ऑगस्ट १९८१, लास वेगास. समोर पोर्तो रिकोचा विल्फ्रेडो गोमेझ. त्याचा रेकॉर्ड बघा: ३३ लढती, एक बरोबरी आणि ३२ विजय, तेही सगळे नॉकआउट. मेक्सिको आणि पोर्तो रिको यांच्यातली बॉक्सिंगची खुन्नस जुनी, त्यामुळे प्रश्न दोन देशांच्या इज्जतीचा झाला. सांचेझने पहिल्याच राउंडला गोमेझला खाली पाडलं. पुढे गोमेझचे डोळे सुजून बंद व्हायला आले आणि आठव्या राउंडला खेळ संपला.

२१ जुलै १९८२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये घानाचा अझुमा नेल्सन समोर आला. तो ऐनवेळी बदली म्हणून आला होता, नावही फारसं कुणाला माहीत नव्हतं. पण त्याने सांचेझचा घाम काढला. शेवटी १५ व्या राउंडला सांचेझ जिंकला. टायटल राखण्याची ही नववी वेळ होती, आणि ही त्याची शेवटची लढत ठरली.

एकूण ४६ लढती, ४४ विजय, एक बरोबरी, एक पराभव.

तो गेल्यावर रिकामा झालेला बेल्ट त्याच वर्षी लापोर्टेने जिंकला. १९८४ मध्ये लापोर्टेकडून तो गोमेझने घेतला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी गोमेझकडून नेल्सनने. म्हणजे सांचेझनंतर एकामागून एक जे तीन चॅम्पियन झाले, त्या तिघांनाही त्याने आधीच हरवलेलं होतं.

१९९१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. तो असता तर तेव्हा फक्त ३२ वर्षांचा असता.