भंडाऱ्यातील पराभवानंतरची नवी वाट

राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. हिंदू संहिता विधेयक रखडल्याने १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. १९५२ मध्ये मुंबईत, तर १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात त्यांना पराभव पत्करावा लागला. लोकसभेची दारे बंद झाली, प्रकृतीही ढासळत होती. तरी ते थांबले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. १९५५ मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. वयाच्या पासष्टीत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्याशेजारच्या नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबर रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. भंडाऱ्याने नाकारलेल्या उमेदवाराने दोनच वर्षांत लाखोंचे आयुष्य बदलून टाकले.