लिव्हर कॅन्सर समजून घ्यायचा तर चहामळेवाल्याच्या या पोराची गोष्ट वाचायलाच हवी

लिव्हरचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला आधी दारू आठवते. पण वर्षानुवर्षं अंगात मुरलेली हिपॅटायटिस बी किंवा सीची कावीळही तेवढीच घातक. यात पेशीतले जीन्स बिघडतात हे खरं, पण कितीतरी वेळा जीन शाबूत असतो, फक्त बंद पडलेला असतो. या चालू-बंदच्या शास्त्राला म्हणतात एपिजेनेटिक्स. आणि हे नाव देणारा माणूस लहानपणी भारतात राहिलेला आहे.

कॉनरॅड वॉडिंग्टन. जन्म १९०५चा, इंग्लंडमधला. वडील दक्षिण भारतात चहाच्या मळ्यावर, त्यामुळे पहिली काही वर्षं इकडेच गेली. पुढे केंब्रिजला शिकले भूगर्भशास्त्र, रमले जीवाश्मांत, आणि तिथून वळले थेट कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाकडे. मधल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या हुडकायचं गणितही मांडून झालं!

त्यांना छळणारा प्रश्न साधाच होता. सुरुवात एकाच पेशीची. तिच्यातूनच लिव्हर होतं, तिच्यातूनच मेंदू. मग लिव्हरची पेशी लिव्हरचीच का राहते? १९४२ मध्ये त्यांनी एपिजेनेटिक्स हा शब्द दिला. १९५७ च्या पुस्तकात चित्रच काढून दाखवलं. डोंगरउतारावरून गोटी घरंगळतेय, खाली दऱ्या फुटत गेल्यात. एकदा एका दरीत उतरली की परत वर चढणं कठीण.

आता लिव्हरकडे या. पोटातल्या बाळाचं लिव्हर एएफपी नावाचं प्रोटीन भरपूर बनवतं. जन्मानंतर तो जीन जवळपास बंद होतो. लिव्हर कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटमध्ये तो पुन्हा चालू होतो, म्हणून तर डॉक्टर रक्तातलं एएफपी बघतात. म्हणजे गोटी उलटी चढायला लागली. दुसरीकडे पेशींच्या वाढीला ब्रेक लावणारा पी१६ हा जीन अनेकदा गप्प केला जातो. कसा? डीएनएवर मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक गट चिकटून.

कॅन्सरचा आणि गर्भाच्या वाढीचा संबंध वॉडिंग्टन यांनी १९३५ मध्येच ‘नेचर’मध्ये मांडला होता. मिथाइलची भानगड मात्र त्यांच्या चित्रात नव्हती. १९७५ मध्ये ते एडिनबर्गला वारले, आणि त्याच वर्षी दोन वेगवेगळ्या शोधनिबंधांनी मिथाइल हेच जीन्सचं बटण असावं असं सुचवलं.

हे मिथाइल काढता येतं, खरी आशा इथेच आहे. तसं करणारं अ‍ॅझासिटिडिन काही रक्तविकारांत वापरलंही जातं. लिव्हर कॅन्सरसाठी मात्र अजून संशोधनच सुरू आहे.