विल्यम कॅरी आणि परदेशवासाचा हिशेब

मनुष्य स्वदेश सोडून परदेशीं राहावयास निघाला म्हणजे त्याच्यापुढें दोन प्रश्न हटकून उभे राहतात. तेथवर पोंचण्यास द्रव्य किती लागेल हा पहिला. आणि पोंचल्यावर रोजचा चरितार्थ कशावर चालेल हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचा ज्यांनीं निघण्यापूर्वीं विचार केला होता, तरीहि ज्यांचा हिशेब वारंवार चुकला, आणि हिशेब चुकूनहि ज्यांनीं अंगीकृत कार्य सोडलें नाहीं, अशा एका सत्पुरुषाचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींपुढें ठेवीत आहों. ते सत्पुरुष म्हणजे डॉ. विल्यम कॅरी. आपल्या मराठी भाषेवरहि त्यांचे मोठे उपकार आहेत. त्यांविषयीं पुढें सांगण्यांत येईल.

विल्यम कॅरी यांचा जन्म इंग्लंडांत नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यांतील पॉलर्सपरी या खेड्यांत ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. वडील विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे पंतोजी झाले. विल्यमला लहानपणापासून झाडें, पक्षी व कीटक गोळा करण्याचा नाद. परंतु उन्हांत काम केलें कीं त्याच्या अंगावर पुरळ उठे, म्हणून शेतकामाऐवजीं त्याला एका चांभाराच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवण्यांत आलें. जोडे शिवतां शिवतां त्यानें लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास केला. सन १७८१ मध्यें, वयाला वीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तोंच, डॉरथी प्लॅकेट या त्याच्याहून वडील असलेल्या मुलीशीं त्याचा विवाह झाला. विवाहाच्या नोंदवहींत तिला आपली सहीहि करतां आली नाहीं, इतकी ती निरक्षर होती. हें मुद्दाम सांगण्याचें कारण पुढें कळेल.

दारिद्र्य या कुटुंबाला नवें नव्हतें. सन १७८५ मध्यें कॅरी मोल्टन येथें शिक्षक व नंतर पाळक झाले. पाळकपणाचें वेतन वर्षाकांठीं सोळा पौंडांच्या आसपास. शाळेची मिळकत तर त्याहूनहि बेभरंवशाची. घरांत मांस क्वचित् शिजे. अखेर जोड्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका सद्गृहस्थानें, याला जोडे शिवण्यापेक्षां विद्याच अधिक साधेल हें ओळखून, आठवड्यास दहा शिलिंगांची नेमणूक करून दिली. ज्याला शिलिंगांत संसार करावा लागला, त्याला परदेशवासाचें भय फारसें वाटलें नाहीं, यांत आश्चर्य कसलें?

सन १७९२ मध्यें कॅरींनीं परधर्मीयांत सुवार्ताप्रसार करण्याच्या कर्तव्याविषयीं एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. हें पुस्तक भावनेनें भरलेलें असलें, तरी त्यांत चरितार्थाचा विचारहि सोडलेला नाहीं. दूर देशीं अन्नवस्त्र कसें मिळणार, या आक्षेपाला त्यांनीं शेतकऱ्याच्या व्यवहारी बुद्धीनें उत्तर दिलें आहे. किमान दोघांनीं जोडीनें जावें. शेती, मासेमारी व शिकार यांची माहिती असलेले सोबती घ्यावेत. शेतीचीं अवजारें, बीं-बियाणें, एकदोन गाई व एक बैल बरोबर न्यावा, म्हणजे थोड्याच काळांत आपलें आपण भागवितां येईल, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षीं ता. २ ऑक्टोबर रोजीं केटरिंग येथें बाप्तिस्त मिशनरी सोसायटी स्थापन झाली. सभासदांनीं वचन दिलेली वर्गणी अवघी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स होती!

इतक्यांत बंगाल्यांत राहून आलेले जॉन थॉमस या नांवाचे एक डॉक्टर त्यांना भेटले. थॉमस हे मनाचे उदार व उत्साही. मात्र हिशेबाच्या बाबतींत कच्चे आणि कर्जानें गांजलेले. बंगाल्यांत राहणें स्वस्त आहे, असें त्यांनीं सांगितलें. आम्हांस वाटतें, त्यांचें सांगणें खोटें नव्हतें. परंतु खेड्यांतील रयतेचा खर्च वेगळा आणि बायकामुलांसह राजधानींत उतरणाऱ्या युरोपीय कुटुंबाचा खर्च वेगळा, हा भेद त्या हिशेबांत राहून गेला.

पहिला प्रयत्न फसला. कॅरी आपल्या फीलिक्स या थोरल्या मुलाला घेऊन जहाजावर चढले होते. डॉरथीबाई गरोदर होत्या व त्यांनीं येण्यास साफ नकार दिला होता. कंपनी सरकारचा परवाना नाहीं आणि थॉमस यांचे सावकार मागावर, या कारणांनीं सर्वांना वाइट बेटापाशीं उतरवून देण्यांत आलें. भाड्यापैकीं दीडशें पौंड तेवढे परत मिळाले. मग एका डॅनिश जहाजाची सोय निघाली. डॉरथीबाईंची नुकतीच प्रसूति झाली होती. थॉमस यांनीं त्यांना गळ घातली, ताटातूट झाल्यास जन्मभर पस्तावाल असें बजावलें, आणि धाकटी बहीण किटी सोबत येत असेल तर येतें, असें त्या म्हणाल्या. आतां भाड्याचा प्रश्न! मोठ्या माणसास शंभर पौंड, मुलास पन्नास, नोकरास पंचवीस असा दर होता. थॉमस व किटी यांनीं नोकरांच्या दरानें जाण्याचें कबूल केलें आणि सर्वांचा ठराव तीनशें गिनींत झाला. ता. १३ जून १७९३ रोजीं जहाज निघालें आणि नोव्हेंबरांत मंडळी कलकत्त्यास उतरली.

इंग्लंडांतून पैसा वेळेवर येणें कठीण, म्हणून सोसायटीनें रोख रकमेऐवजीं विक्रीचा माल दिला होता. तो विकून पहिलें वर्ष निभावेल, ही कल्पना. मालाची व्यवस्था थॉमस यांच्याकडे. किंमत मनाजोगी आली नाहीं, आणि आली ती कलकत्त्याच्या महागाईंत पाहतां पाहतां आटून गेली. स्वस्ताई म्हणून मंडळी हुगळीजवळ बंडेल येथें राहून पाहून परत आली. माणिकतळा येथें एका एतद्देशीय सद्गृहस्थानें लहानसें घर फुकट राहावयास दिलें, म्हणून डोक्यावर छप्पर तरी राहिलें. चार मुलें, आजारी पत्नी व मेहुणी यांना घेऊन कॅरी त्या घरांत दिवस काढीत होते, आणि थॉमस मात्र शहरांत वैद्यकीचें दुकान थाटून ऐटीनें राहत होते.

सन १७९४ च्या आरंभीं कॅरी कुटुंबाला घेऊन नावेनें सुंदरबनांत गेले. तेथें कांहीं वर्षें बिनसाऱ्याची जमीन मिळणार होती. जंगल तोडून शेती करावी, हाच त्यांचा मूळचा बेत. वाघांच्या व तापाच्या त्या मुलुखांत कंपनीच्या मिठाच्या कारखान्यावरील चार्ल्स शॉर्ट या अधिकाऱ्यानें त्यांना घरांत घेतलें. (पुढें किटीचें लग्न याच गृहस्थाशीं झालें.) थोड्याच दिवसांत माल्द्याचे उडनी यांनीं मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर दरमहा दोनशें रुपयांची नोकरी देऊं केली. ती हातीं पडतांच कॅरींनीं सोसायटीला कळविलें कीं, आपणांस आतां वेतनाची गरज नाहीं. मात्र बियाणें व बागकामाचीं अवजारें अवश्य पाठवावींत. जोडे शिवणाऱ्या हातांची ही निःस्पृहता पाहून कोणाचें मस्तक लवणार नाहीं?

परंतु, वाचकहो, हिशेबाचा जो भाग कोणीच मांडला नव्हता, तो याच ठिकाणीं चुकता करावा लागला. कारखाना दलदलीच्या मुलुखांत होता. त्याच वर्षीं पीटर हा पांच वर्षांचा मुलगा तापानें गेला. जातिबंधनाच्या भयानें त्याचें प्रेत उचलण्यास व खड्डा खणण्यास माणसें मिळेनात; आणि पित्याच्या अंगांत स्वतःचें दुःख आवरण्याइतकीहि शक्ति उरली नव्हती. ज्या मातेनें अनिच्छेनें समुद्र ओलांडला, तिचें मन या धक्क्यांनीं खचलें. पुढल्या वर्षीं तिला वेड लागलें, आणि सन १८०७ मध्यें मृत्यु येईपर्यंत तें गेलें नाहीं. शेजारच्या खोलींत पत्नीचा आक्रोश चालू असतां कॅरी भाषांतर करीत बसत. त्यांच्या धैर्याची आम्ही प्रशंसा करतों. पण त्या माउलीचा विसर पडूं देणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. भाडें, माल, जमीन, वेतन या सर्वांचे आंकडे मांडले गेले. एका निरक्षर स्त्रीला परक्या देशांत, परक्या भाषेंत, मूल गमावून राहण्याचें काय मोल पडेल, याचा आंकडा मात्र कोणाच्याच वहींत नव्हता.

सन १८०० च्या जानेवारींत कॅरी श्रीरामपुरास आले. हें गांव डेन्मार्कच्या अंमलाखालीं असल्यामुळें कंपनीचा अडथळा नव्हता. जॉशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना व विल्यम वॉर्ड हे नवे सहकारी तेथें आधींच उतरले होते. गंगेच्या कांठचें एक मोठें घर सहा हजार रुपयांस विकत घेण्यांत आलें. आंकडा ऐकून सर्व दचकले. परंतु चार वर्षांच्या भाड्यांतच ती किंमत फिटते, हें पाहून व्यवहार झाला. आतां अनुभवानें शहाणपण आलें होतें. सर्व कुटुंबांचा स्वयंपाक एकत्र, भोजन एका पंक्तीस, मिळकत एका पेटींत आणि खासगी व्यापार वर्ज्य, असा नियम ठरला. मार्शमन पतिपत्नीची शाळा, वॉर्ड यांचा छापखाना आणि कॅरींचें अध्यापन यांचें उत्पन्न त्या पेटींत पडे. सन १८०१ मध्यें फोर्ट विल्यम कॉलेजांत कॅरींना बंगालीच्या अध्यापनासाठीं पांचशें रुपये मिळूं लागले व पुढें ते हजार झाले. परंतु निर्वाहापुरता अल्प भाग ठेवून बाकी सर्व द्रव्य ते मिशनच्या कार्यास देत.

याच कॉलेजांत ते मराठीहि शिकवूं लागले. वैजनाथ पंडित यांच्या साह्यानें त्यांनीं सन १८०५ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण व सन १८१० मध्यें मोडी टाइपांत मराठी-इंग्रजी कोश छापून काढला. महाराष्ट्रांत मराठी मुद्रण रूढ होण्यापूर्वीं गंगेच्या तीरावर मराठी पुस्तकें छापलीं जात होतीं, हें आमच्या किती विद्यार्थ्यांस ठाऊक असेल?

तोटे पुढेंहि आले. सन १८१२ च्या मार्चमध्यें छापखान्यास आग लागून हस्तलिखितें व टाइप नष्ट झाले. सन १८३० नंतर कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या व त्यांबरोबर मिशनचा पैसाहि बुडाला. परंतु सन १८१८ मध्यें स्थापलेलें श्रीरामपूरचें कॉलेज उभें राहिलें, आणि सतीबंदीचा सन १८२९ चा हुकूम कॅरींनींच बंगालींत उतरविला. ता. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपूर येथें त्यांचा अंत झाला. एकेचाळीस वर्षांत ते एकदांहि मायदेशीं गेले नाहींत. हातून लक्षावधि रुपये गेले, तरी एका मुलाला देण्याची रक्कम उभी करण्यासाठीं आपलीं पुस्तकें विकावीं, असें त्यांना मृत्युपत्रांत लिहावें लागलें.

असो. हल्लीं आमच्या शाळेंतून बाहेर पडणारे अनेक तरुण विद्येसाठीं वा नोकरीसाठीं परदेशीं जाण्याचे बेत करतात. त्यांनीं प्रवासभाडें, घरभाडें व अन्नखर्च यांचा हिशेब अवश्य मांडावा. स्वस्ताईच्या ऐकीव गोष्टींवर विसंबूं नये. पहिल्या वर्षाची तरतूद एकट्या दुसऱ्याच्या हातीं सोंपवूं नये. आणि एकमेकांच्या साह्यानें राहिल्यास थोडक्यांत भागतें, हा श्रीरामपूरचा धडा ध्यानांत ठेवावा. परंतु वहीचें एक पान आपल्याबरोबर येणाऱ्यांसाठीं राखावें. ज्यांना नको म्हणतां येत नाहीं, त्यांच्या वांट्याचा खर्च त्या पानावर लिहावा, आणि तो वाचूनच पुढें पाऊल टाकावें. कॅरींच्या थोरवीचें स्मरण करतांना श्रीरामपुरीं विसावलेल्या डॉरथीबाई व मुदनाबाटीस राहिलेला लहानगा पीटर यांचेंहि स्मरण आम्ही करतों, तें याचकरितां.