सबमिशनचा शत्रू

आपल्याकडे जर्नल शेवटच्या रात्री लिहिणारे पुष्कळ. त्या सगळ्यांचा मी एक गुरू शोधलाय : इंग्रज लेखक डग्लस ॲडम्स. जन्म १९५२, केंब्रिजचा. १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर त्याची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी' ही मालिका आली, पुढच्या वर्षी कादंबरी. उंची सहा फूट पाच इंच. वेळेवर काम देणं मात्र ठाऊकच नाही.

१९८४ मध्ये त्याच जगावर कॉम्प्युटर गेम आला. जोडीदार होता अमेरिकेतल्या इन्फोकॉम कंपनीचा स्टीव्ह मेरेट्झकी. चित्र एकही नाही! आपण कमांड टाइप करायची, मशीन शब्दांत उत्तर देणार. आणि हे मशीन चक्क खोटं बोलतं. आपल्याजवळच्या वस्तूंच्या यादीत 'चहा नाही' हीसुद्धा एक वस्तू! पुढे तर चहा आणि 'चहा नाही' दोन्ही एकाच वेळी जवळ ठेवावे लागतात. मला वाटतं, ही थट्टा पुस्तकात जमलीच नसती. तिथे वाचक नुसता वाचतो, इथे तो स्वतः फसतो.

पण काम रखडलंच. शेवटी मेरेट्झकी इंग्लंडला जाऊन त्याच्याजवळ बसला. त्याच वर्षीच्या कादंबरीसाठी संपादक सनी मेहतांनी (आपले भारतीयच!) हॉटेलात त्याच्यासोबत मुक्काम ठोकला होता.

१९९८ च्या 'स्टारशिप टायटॅनिक' गेममध्ये तो इतका अडकला, की त्यावरची कादंबरी टेरी जोन्सने लिहिली. ११ मे २००१ ला कॅलिफोर्नियात व्यायामानंतर हृदयविकाराने तो गेला. वय ४९. कॉम्प्युटरवर राहिलेली अर्धवट कादंबरी पुढच्या वर्षी तशीच छापली गेली.