संसार एका फटफटीशी

गेल्या रविवारी सकाळी मला भाजीचं मोठं पातेलं सापडेना. शोधत शोधत मागच्या अंगणात गेले, तर पातेल्यात पेट्रोल आणि पेट्रोलमध्ये कार्बोरेटर डुंबत पडलेला!

सासऱ्यांची जुनी राजदूत कित्येक वर्षं न्हाणीमागे ताडपत्रीखाली पडून होती. दिवाळीत लेकाने ती उघडली. जुन्या गाड्यांच्या हौशी स्पर्धेत उतरवायची, असं त्याच्या मनाने घेतलंय. एक सुटा भाग चिखलीहून येतो, दुसरा खामगावच्या भंगारातून, आणि पैसे बहुतेक वेळा माझ्या डाळीच्या डब्यातून. मी बोलायला लागले, तर म्हणे आई, बर्ट मन्रोबद्दल वाच आणि मग बोल. म्हटलं, बघू तरी कोण हा. वाचत गेले. मैत्रिणींनो, राग काही गेला नाही, पण जीव मात्र गुंतला.

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे. बर्टचा जन्म तिथला, २५ मार्च १८९९ चा. शेतकऱ्याघरचं पोर. त्याच्यासोबत जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच गेली. असं मूल म्हटल्यावर घरच्यांनी किती जपलं असेल! पण पोराला वेड वेगाचं. आधी शेतावरचा घोडा दामटायचा आणि पुढे मोटारसायकल.

१९२० साली त्याने ‘इंडियन स्काऊट’ ही गाडी विकत घेतली. नाव इंडियन असलं तरी आपल्या देशाशी तिचा काही संबंध नाही बरं का. गाडी अमेरिकेत बनलेली. इंजिन ६०० सीसीचं आणि जोर ताशी नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर. आज आपल्याकडच्या कॉलेजातल्या मुलीची स्कूटीही एवढी पळेल. दुसऱ्या कुणी चार-पाच वर्षांत ती विकून नवी घेतली असती. बर्टने १९२६ पासून तिलाच सुधारायला घेतलं, आणि मग आयुष्यभर तो सुधारतच राहिला.

पोटापाण्यासाठी मोटारसायकली विकायचं काम होतं. दिवसा नोकरी आणि रात्री गाडी. पाठीशी कंपनी नाही, खिशात पैसा नाही. मग सुटे भाग आणायचे कुठून? तर घरीच करायचे. हातपंपाचा दट्ट्या असतो ना, तसा इंजिनात पिस्टन वरखाली होतो. हा माणूस भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून जुन्या डब्यांच्या साच्यांत पिस्टन ओतायचा. पिस्टनला जोडलेला दांडा हवा, तर ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलचं पोलाद घेऊन हाताने तासत बसायचा. सिलिंडर करायला लोखंडी पाइप. टायरची नक्षी चक्क सुरीने कापायचा. आपण मोडक्या बादलीची कुंडी आणि जुन्या साडीची गोधडी करतो ना, जात तीच!

अर्थात, केलेलं सगळं टिकायचं थोडंच? पिस्टन फुटायचे, दांडे मोडायचे, इंजिनाचे तुकडे व्हायचे. ते तुकडे त्याने फेकले नाहीत. शेडमध्ये एका फळीवर मांडून ठेवले. त्या फळीला तो वेगाच्या देवाचा नैवेद्य मानायचा. मोडलेल्या गोष्टी अशा डोळ्यांसमोर मांडून ठेवायलाही धीर लागतो हं. आपण तर करपलेली भाकरी कुणी बघायच्या आत गाईला घालतो.

आता मला पडलेला प्रश्न. घरी बायको होती की नाही? होती. तिचं नाव बेरिल. १९२७ मध्ये लग्न झालं, पुढे चार मुलं झाली. पण रात्री शेडमध्ये दिवा जळत राहायचा. १९४७ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. बर्टने पुढे नोकरी सोडली आणि त्या शेडमध्येच पथारी टाकली. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला गाडी. त्याच्यावर २००५ मध्ये मोठा इंग्रजी सिनेमा निघाला. बेरिलवर कुणी सिनेमा काढेल असं वाटत नाही. चार मुलांचं दुखणंखुपणं, शाळा, जेवणंखाणं आठवून मी मात्र तिच्यापाशीच थबकले. त्याच्या वेडाची किंमत एकट्या त्यानेच मोजली नव्हती.

अमेरिकेत यूटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं पठार आहे. प्राचीन सरोवर आटून उरलेलं, पांढरंशुभ्र, सपाट. लोणारचं खारं पाणी आणि खारपाण पट्ट्यातली जमीन पाहिलेल्या आपल्याला मिठाचं माळरान कळायला जड नाही. वेगाचे विक्रम तिथे होतात. १९६२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बर्ट आपली गाडी घेऊन समुद्रापार तिथे पोचला. माशाच्या आकाराचं कवच गाडीवर चढवलेलं, आणि आत हा जवळजवळ पालथा पडून चालवणार! ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम झाला. नंतरही तो पुन्हा पुन्हा गेला. १९६७ मध्ये इंजिन वाढवत वाढवत ९५० सीसीचं झालं होतं, गाडी सत्तेचाळीस वर्षांची आणि चालवणारा अडुसष्टचा. हजार सीसीच्या आतल्या गटात त्याने ताशी २९५ किलोमीटरचा विक्रम नोंदवला.

६ जानेवारी १९७८ ला बर्ट गेला. ती गाडी त्याच्याच गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात लोकांना बघायला ठेवली आहे. आणि एक गंमत ऐका. पुढे त्याच्या मुलाच्या, जॉनच्या, लक्षात आलं की १९६७ च्या नोंदीत हिशेबाची चूक आहे. दोन फेऱ्यांची सरासरी कमी धरली गेली होती. २०१४ मध्ये ती दुरुस्त झाली आणि विक्रम २९६ किलोमीटरवर गेला. बाप जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. ज्या शेडने बापाला घरापासून तोडलं, त्याच शेडचा हिशेब मुलाने प्रेमाने पुरा केला. इथे माझे डोळे भरून आले.

बर्ट थोर होता का? होता. मला तो नवरा म्हणून चालला असता का? नाही बाई! दोन्ही खरं आहे.

लेकाला मी एवढंच सांगितलं की राजदूत खुशाल कर, पण पातेलं स्वतःचं आण, डब्यातून घेतलेले पैसे वहीत लिही आणि रात्री नऊला ताटावर ये. तो हसला आणि चक्क कबूल झाला.

मग मी माळ्यावरून माझी पेटी खाली काढली. लग्नात माहेरून आणलेली, भाता फाटलेला, दोन सूर मुके. संसाराच्या गडबडीत पंचवीस वर्षं तिला हात लागला नव्हता. ह्यांनी विचारलं, आता हे काय? म्हटलं, एका घरात एकालाच वेड का असावं? आता अंगणात संध्याकाळी दोन दुरुस्त्या चालतात. भात्याला चिकटवायला चामडं हवं होतं, ते परवा लेकानेच आणून दिलं.