थैलीवाला इव्हान

मॉस्कोच्या इव्हान पहिल्याला लोक ‘कलिता’ म्हणत, म्हणजे पैशाची थैली. मला हा माणूस हिरो वाटत नाही, पण तो डोक्यातून जातही नाही.

तेव्हा रशियावर मंगोलांच्या ‘गोल्डन होर्ड’ची सत्ता होती. सगळ्या राजांमध्ये थोरला कोण, हे खानाची सनद ठरवायची. त्या सनदेपायी मॉस्को आणि त्वेर ही घराणी एकमेकांच्या जिवावर उठली. १३१८ मध्ये त्वेरच्या मिखाईलला खानाच्या छावणीत मारलं गेलं. १३२५ मध्ये त्याच्या मुलाने इव्हानचा भाऊ युरी याला ठार करून सूड घेतला.

१३२७ मध्ये त्वेरच्या जनतेने मंगोलांविरुद्ध उठाव केला. इव्हानने काय केलं? खानाचंच सैन्य आणून त्वेर उद्ध्वस्त केलं! १३२८ मध्ये त्याला सनदेत वाटा मिळाला, १३३१ नंतर ती त्याच्या एकट्याची झाली. खंडणी तोच गोळा करून पोचवू लागला, त्यामुळे मंगोलांच्या स्वाऱ्या थांबल्या. मॉस्कोत पैसा आणि माणसं येत राहिली.

१३८० मध्ये त्याचा नातू दिमित्री याने कुलिकोव्होच्या मैदानावर मंगोल सेनापती ममाईला हरवलं. त्या विजयाचं थोडं श्रेय मी आजोबांनाही देतो. पण मित्रांनो, त्यासाठी त्वेरने काय भोगलं, ते विसरून कसं चालेल?