डिचोलीचा मुलांचा मित्र

दरवर्षी ९ एप्रिल रोजी कोंकणी दिन साजरा होतो. शणै गोंयबाब या नावाने गोमंतकास परिचित असलेल्या वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांची ती पुण्यतिथी होय. भाषावादाच्या धामधुमीत एका पक्षाने त्यांस मखरात बसविले, तर दुसऱ्याने त्यांच्याकडे पाठ फिरविली. मुलांसाठी लिहिणारा लेखक या नात्याने मात्र त्यांचा विचार दोन्हीकडे क्वचितच झाला.

वालावलीकरांचा जन्म २३ जून १८७७ रोजी डिचोलीस झाला. डिचोली आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे जुन्या काबिजादींत १६८४ साली निघालेल्या कोंकणीविरोधी फर्मानाची झळ या भागास तेव्हा लागली नाही. येथील हिंदू घरांत बोलणे कोंकणीत चाले. धुळाक्षरे, पोथी आणि कीर्तन मराठीत. घरची भाषा आणि पाटीवरची भाषा यांतील या अंतराचे कोणास वैषम्य वाटत नसे. वालावलीकरांस ते वाटले आणि त्यातूनच त्यांचे जीवितकार्य उभे राहिले.

पोटापाण्यासाठी ते मुंबईस गेले. तेथील इटालियन वकिलातीत त्यांनी नोकरी केली आणि उरलेला वेळ लेखनास दिला. मोलिएरच्या नाटकांस त्यांनी कोंकणी वेष चढविला. ‘मोगाचें लग्न’ हे त्यांपैकी एक. ‘गोमंतोपनिषत्’ या नावाने कथा लिहिल्या. ‘कोंकणी भाशेचें जैत’ या १९३० सालच्या ग्रंथात, कोंकणी ही बोली नसून स्वतंत्र भाषा आहे, असा पक्ष त्यांनी मांडला. कंपनी सरकारच्या न्यायासनाने १७२० साली फितुरीचा ठपका ठेवून ज्यास बंदिवासात टाकले, त्या रामा कामतीचे, तसेच संमोहनविद्येत नाव मिळविणाऱ्या कांदोळीच्या आबे फारियाचे चरित्र त्यांनी लिहिले. आपल्या मातीतही थोर माणसे निपजली, हे गोमंतकीयांस त्यांच्याच बोलीत सांगावे, हा त्यामागील हेतू उघड आहे.

या साऱ्या पसाऱ्यात १९३५ सालचे ‘भुरग्यांलो इश्ट’, म्हणजे मुलांचा मित्र, हे पुस्तक आम्हांस विशेष मोलाचे वाटते. भाषेचे भवितव्य पंडितांच्या वादात ठरत नाही, ते मुलाच्या हाती पडणाऱ्या पहिल्या पुस्तकावर ठरते, हे या लेखकाने ओळखले होते. जी भाषा शिकविणारी शाळा गोमंतकात नव्हती, तिच्यात मुलांसाठी लिहिणे हे धाडसच होते. ९ एप्रिल १९४६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची काही पुस्तके त्यानंतरच प्रकाशात आली.

मुक्तीनंतर पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. बहुजनसमाजाची मुले प्रथमच पाटी घेऊन बसली. या कार्याचे मोल कोणी कमी लेखू नये. पुढे १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीस मान्यता दिली आणि १९८७ साली राजभाषा कायदा झाला. शणै गोंयबाबांची सर्वच मते मराठीच्या अभिमान्यांस पटतील असे नाही, पटावीत असेही नाही. परंतु डिचोलीचा लेखक आणि पेडण्याचा राज्यकर्ता यांस एकमेकांचे वैरी मानून आपण काय मिळविले, याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

तो हिशेब सुखावह नाही. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान देशी भाषांपुरते मर्यादित झाले. २०११ साली इंग्रजी माध्यमासही ते खुले करण्याचा निर्णय झाला. मराठी असो वा कोंकणी, मुलांअभावी शाळांना कुलपे लागत आहेत. वडील माणसे भाषेवरून भांडत राहिली आणि मुलाच्या हाती पहिले पुस्तक तिसऱ्याच भाषेचे पडले!

पुतळे आणि जयंत्या यांनी हे चित्र पालटणार नाही. डिचोली-पेडण्याच्या प्रत्येक शाळेत मुलांना हौसेने वाचावीशी वाटतील अशी मराठी आणि कोंकणी पुस्तके एकाच फळीवर ठेवणे एवढे तरी दोन्ही पक्षांस जमण्यासारखे आहे. मुलांच्या या मित्रास तीच खरी आदरांजली ठरेल.